सोमीच्या वाटेचे नाके

"आज चाळे नकोत, चिंत्या," लहानू म्हणाला. "आज मयताचं काम आहे."

मी खाली मान घालून काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा दाबत होतो. मेण सकाळच्या गारठ्यानं कडक झालेलं. काडी उभी राहिना.

"कोणते चाळे, लहानूदादा?"

"ते तुला ठावं. सरपंचाच्या कोंबड्याला शाळेची घंटा बांधणारा मीच का?"

ते खरं होतं. तीन दिवस पोरं कधीही सुटत होती आणि गुरुजी वेड लागायच्या बेतात आले होते. पण त्याला तोवर सहा वर्षं झाली होती. माणसाचं वय होतं, चाळ्यांचंही होतं. आता तर त्या दिवसालाच अकरा वर्षं होऊन गेली, तरी पाड्यावर माझी ओळख अजून कोंबड्यावरनंच सांगतात.

"शब्द देतो," मी म्हटलं, "आज एकही कोंबडा आणलेला नाही."

लहानू हसला नाही. सोमी त्याची सख्खी धाकटी बहीण. बारा दिवस त्यानं दाढी केली नव्हती, डोळे तांबडे. एरवी माणूस वाईट नव्हता. घराचं दार, शेताचा बांध, बहिणीचं नाव, सगळं सरळ रेषेत लागतं त्याला, एवढंच.

"आन दुसरं," तो आवाज खाली करून म्हणाला, "कथा झाली की जीप घेऊन चांगुणाला तिच्या भावाकडं सोडून ये. गाठोडं ठिवलंय तुझ्या गाडीत."

"तिला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? सोमी गेली. आता ती इथं कोणाची कोण?"

मी गोठ्याकडं पाहिलं. शेळ्यांच्या बाजूला, कुडाला टेकून, चांगुणा बसली होती. बारा दिवस तिला तिथंच बसवलेलं. घर तिचंच. म्हणजे त्या दोघींचं. कुडाच्या कामट्या दोघींनी विणल्या, शेण-माती दोघींनी थापली, पन्हाळीच्या खालचा दगड नाशकाकडून द्राक्षाच्या मळ्यावरून परत येताना माझ्याच जीपच्या टपावर आणलेला. एकोणीस वर्षं एका चुलीवर शिजवून खाल्लं. पाड्यावर कोणी त्यांना बहिणी म्हणायचं, कोणी मैतरणी, कोणी काहीच नाही म्हणायचं. काहीच न म्हणणाऱ्यांचं बरं होतं. कोणाला काही म्हणावं लागत नव्हतं तोवर सगळं नीट चाललं होतं. मरणानं घोळ केला. मेल्यावर माणसं विचारतात, कोणाची कोण.

"सोडतो," मी म्हटलं. "गाडीच आहे, चालवायला काय."

काडी उभी राहिली.

थाळ म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. काशाची थाळी, मधे मेण, मेणात बोरूची काडी उभी. बोटांना राख लावायची आणि काडीवरून वरनं खाली ओढायची. थाळी घुमते. लांबून मधमाश्यांचं पोळं ऐकू यावं तसं. त्या घुमण्यावर कथा सांगायची. पण एकट्यानं नाही सांगता येत. समोर हुंकार देणारा लागतो. प्रत्येक ओळीला तो "हं" म्हणणार. तो गप्प झाला की कथा गप्प.

आमच्या पाड्यावर बाराव्याला थाळ लागतो, तो दिवसाउजेडी. मेलेल्याला वाट दिसली पाहिजे म्हणून. ते माणूस आधी गेलेल्यांच्या डोंगराकडं निघतं आणि वाटेत त्याला अडवतात. मावजीबाबा त्या जागांना उंबरे म्हणायचा. मी सुरगाण्याहून नाशिकला जीप चालवणारा माणूस, मला ते नाकेच दिसतात, पाड्यावर मी म्हणतोही तसंच. हात आडवा, गाडी बाजूला घे, कुठून आला, कुठं चालला. प्रत्येक नाक्यावर एक सवाल. मेलेल्याला तोंड नाही, तेव्हा हुंकार देणारानं उत्तर द्यायचं. चुकलं तर थाळ थांबला आणि मेलेलं माणूस तिथंच उभं. आणि शेवटचा नाका जो पार करून देईल, तो त्या चुलीचा माणूस. बारा दिवस विझवून ठेवलेली चूल त्याच्या हातानं पेटायची. चूल त्याची, उंबरा त्याचा. त्यावर मग कोणी बोलत नाही.

म्हणून लहानू आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, माझ्यासमोर हुंकाराला बसला होता.

खरा थाळकरी मावजीबाबा. पण दोन वर्षं झाली, त्याची बोटं वाकडी होऊन बसली होती. काडी धरता येईना. त्यानं मला शिकवलं आणि नुसता शेजारी बसायचा, डोळे मिटून, तंबाखू गालात. मी का? कारण दुसरं कोणी शिकायला तयार नव्हतं. पोरं म्हणायची, मोबाईलमध्ये गाणी आहेत. मला मात्र खोटं बोलायची लहानपणापासून सवय, त्यामुळं पाठ पटकन झालं.

माणसं जमली. पुरुष इकडं, बाया तिकडं. भिकीआजी सगळ्यात पुढं, कारण तिला कमी ऐकू येतं असं ती सांगते. कमी काही ऐकू येत नाही तिला. तिला पुढं बसायचं असतं.

मला त्या सकाळी फार दमल्यासारखं वाटत होतं. झोप झाली नव्हती असं नाही. आठ महिने झोप होऊनसुद्धा दमलेलाच होतो. जीपमध्ये बसलो की हात आपोआप गिअरवर जायचा, तोंड आपोआप थट्टा करायचं, पॅसेंजर हसायचे, आणि मी मनात म्हणायचो, चला, आजचं झालं.

बोटांना राख लावली. काडी ओढली.

थाळ घुमायला लागला.

"सोमी निघाली गं, सोमी निघाली," मी म्हटलं.

"हं," लहानू.

"पायात जोडा नाही, डोईला पदर आहे."

"हं."

"नागलीच्या शेताच्या बांधानं गेली, मोहाच्या झाडाला हात लावून गेली."

"हं."

"पहिल्या उंबऱ्याशी आली. उंबऱ्यावरचा इचारतो, बाई, कूळ कोणतं?"

लहानूनं छाती पुढं काढून कूळ सांगितलं. बापाचं नाव, आज्याचं नाव, पणज्याचं नाव. एकही चुकलं नाही. त्याचे तिथं डोळे भरले आणि मला वाटलं, बिचाऱ्याला सांगू द्यावं सगळं, काय बिघडतं.

"उंबऱ्यावरचा म्हणतो, जा. सोमी पुढं निघाली."

"हं."

"दुसऱ्या उंबऱ्याशी आली. उंबऱ्यावरचा इचारतो, बाई, देव कोणते? भाकर कशाची?"

"डोंगऱ्यादेव. कनसरी माता. भाकर नागलीची."

हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. हल्ली सगळे नाके असेच. तिसऱ्याला पाणी कुठल्या विहिरीचं, चौथ्याला दिशा कोणती, पाचव्याला "जा" म्हणायचं, की जेवायला बसायचं. तासाभरात मोकळे. मावजीबाबाच्या वेळेला असं नव्हतं म्हणतात. तो काहीही विचारायचा. पण लोकांना घाई झाली, मुंबई-नाशिकची माणसं सुट्टी काढून येतात, मग त्यानंही सोपं करून टाकलं.

माझ्या समोर, लहानूच्या खांद्यावरून, जीप दिसत होती. मागच्या काचेतून चांगुणाचं गाठोडं दिसत होतं. निळ्या लुगड्यात बांधलेलं. ते लुगडं सोमीचं होतं. ज्यानं कोणी बांधलं त्याला ते कळलंही नसेल, हाताला लागलं त्यात बांधलं.

तिसरा नाका आला.

विहीर विचारायची होती. तोंड उघडलं आणि ते आपलं आपण वेगळंच बोललं. माझं तोंड असंच आहे.

"तिसऱ्या उंबऱ्याशी आली. उंबऱ्यावरचा इचारतो, बाई, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय पीत होतीस?"

मावजीबाबानं एक डोळा उघडला.

लहानू गडबडला. "आं?"

"काय पीत होतीस?"

"चहा," तो म्हणाला. "कोरा. गुळाचा."

भिकीआजी फिस्सकन हसली. "सोमी आन चहा! आरं, चहाच्या वासानं तिला वांती व्हायची. भाऊ का कोण तू?"

बायांच्यात हसू पसरलं. मी काडीवरचं बोट उचललं. घुमणं हळूहळू विरलं आणि थांबलं.

थाळ थांबला म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हसू पण थांबलं.

"पेज," लहानू म्हणाला. "पेज पीत असंल."

मी बोट लावलं नाही.

"चिंत्या," तो दात खाऊन म्हणाला, "तुला म्हटलं होतं मी. चाळे नकोत."

"मी कुठं? उंबऱ्यावरचा इचारतोय."

"बाबा!" लहानू मावजीबाबाकडं वळला. "हे असं असतं का? सांग तू."

मावजीबाबानं गालातली तंबाखू या बाजूची त्या बाजूला केली. त्याला बराच वेळ लागला. "तो इचारील ते इचारील," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या बाराव्याला माझ्या आयला इचारलं होतं, याच्या पाठीवर तीळ किती."

"आन सांगितलं?" भिकीआजी.

"सांगितलं. सात."

परत डोळे मिटले त्यानं.

आता आतली गोष्ट सांगतो. मला वाटलं होतं, मी लहानूला जरा घाम फोडीन, लोक हसतील, माझं तोंड मोकळं होईल, मग विहीर विचारून पुढं जाईन. एवढाच चाळा होता. पण शेळ्यांकडून आवाज आला.

"आंबिलीच्या वरचं पाणी."

सगळ्यांच्या माना तिकडं गेल्या. चांगुणा बसल्या जागची उठली नव्हती. कुडाकडं बघून बोलत होती.

"मीठ टाकून. तांब्यातून नाय. भोपळ्याच्या तुंब्यातून. तांब्याला वास येतो म्हणायची."

"तुला कोणी इचारलं?" लहानू.

भिकीआजीनंच विचारलं, "तुंबा कुठं आहे गं तो?"

"आढ्याला लटकतोय. बारा दिस झालं, वाळलाय."

दोन-तीन जणींनी दारातून आत वाकून वर पाहिलं. एक म्हणाली, "आहे."

मी राख घेतली. बोट लावलं. थाळ घुमला.

"उंबऱ्यावरचा म्हणतो, जा. सोमी पुढं निघाली."

आता हुंकार कोणी द्यायचा? लहानूचं तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी, हळू, शेळ्यांच्या बाजूनं आलं.

"हं."

"करवंदीच्या जाळीतून गेली, पदर फाटला, तरी मागं बघितलं नाही."

"हं."

"चौथ्या उंबऱ्याशी आली. उंबऱ्यावरचा इचारतो," मी थांबलो. एकदा लहानूकडं पाहिलं. मग विचारलंच. "बाई, कोणत्या कुशीवर निजायचीस?"

"आरं ए!" लहानू ताडकन उठला. "लाज आहे का? बायामाणसात काय इचारतोस? माझी भैन आहे ती!"

"मग सांग तू," भिकीआजी म्हणाली. "भाऊ ना तू? सांग की. डावी का उजवी? दोनच तर आहेत."

लहानू उभाच राहिला. दोनातली एक सांगायची होती. अंदाजानं सांगितली असती तरी अर्धी बरोबर आली असती. पण त्यानं सांगितली नाही, त्याचं हे मला आजही मोठं वाटतं. मेलेल्या बहिणीला अंदाजानं पुढं ढकलायचं त्याच्या मनाला आलं नाही. तो खाली बसला.

"डाव्या," चांगुणा म्हणाली. "उजवा खांदा दुखायचा, द्राक्षाच्या पाट्या उचलून उचलून. माझ्याकडं पाठ करायची. आन पाय मागं टाकायची, माझ्या पायावर. गार पाय. थंडीत लई राग यायचा मला."

कोणी हसलं नाही. एक पोर रडत होतं त्याला त्याच्या आईनं पदराखाली घेतलं. भिकीआजी कोणाकडं न बघता म्हणाली, "आमचा म्हातारा बी तसाच. मेल्यापास्नं माझे पायच गरम होत नाय."

आणि झालं. त्या एका वाक्यानं झालं. पाड्यावर कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. भिकीआजीचा म्हातारा आणि सोमी एका बाजेवर येऊन बसले आणि सगळ्यांना ते दिसलं.

"उंबऱ्यावरचा म्हणतो, जा."

"हं."

चांगुणा उठून आली होती. कधी आली कळलं नाही. अंगाला शेळ्यांचा वास, केसात गवताची काडी. लहानूच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, बसली. लहानू सरकला नाही, उठलाही नाही.

शेवटचा नाका. तिथं सवाल एकच असतो, तो थाळकऱ्यालाही बदलता येत नाही. घरात ज्या नावानं हाक मारत होता त्या नावानं हाक मारायची आणि "जा" म्हणायचं. बस. तेवढं म्हटलं की माणूस डोंगराआड.

"पाचव्या उंबऱ्याशी आली. उंबऱ्यावरचा म्हणतो, बाई, तुझं माणूस तुला जा म्हणालं का? म्हणालं तर ऐकू दे."

थाळ घुमत होता. मी वाट बघत होतो.

चांगुणा केसातली गवताची काडी काढून मोडत बसली.

"चांगुणाबाय," मी म्हटलं. "तुझी पाळी."

"नाय म्हणत मी," ती म्हणाली.

"काय?"

"जा नाय म्हणत. राहू दे की तिथं. उंबऱ्याशी बसंल. मला दिसत राहील."

"अगं, असं नसतं!" भिकीआजी. "तिनं उभं राहायचं व्हय तिथं जन्मभर?"

"बसंल म्हटलं ना. लई चालली ती जन्मभर. बसू दे."

माझी बोटं भाजायला लागली होती. काडी थांबवता येत नव्हती. पाचव्या नाक्यावर थाळ थांबला तर सगळंच फुकट. आणि आता मला पहिल्यांदा भीती वाटली. चाळा माझा होता. मी या बाईला कुडाच्या आडोशातून ओढून मधे आणून बसवलं होतं, आणि हिला जे सांगायचं नव्हतं तेच मी मागत होतो.

"मी म्हणतो," लहानू म्हणाला. घसा खाकरला. सरळ बसला. "सोमी. जा."

मी थाळकरी म्हणून कान लावला. सोमी हे कागदावरचं नाव होतं. मावजीबाबानं डोळे न उघडता मान हलवली. नाही.

"मग काय म्हणायची ती तिला?" लहानू माझ्यावर ओरडला. मग चांगुणाकडं वळला आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "काय म्हणायचीस गं? सांग. मला लहानपणचं ठावं आहे, ते चालंल का? आम्ही तिला चिमटी म्हणायचो."

चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडं पाहिलं असेल.

"चिमटी?" ती म्हणाली. "मला नाय सांगितलं कधी."

"लई बारीक होती ना."

"हं," चांगुणा म्हणाली. मग गुडघ्यांवर हात ठेवून समोर, डोंगराकडं पाहिलं. आपण अंगणातून हाक मारतो तशी, फार मोठ्यानं नाही, म्हणाली, "ए बुटके."

थाळी घुमत होती.

"ए बुटके. जा आता. मी येते मागनं. शेळ्या बांधून येते."

मी काडी शेवटची ओढली आणि बोटं उचलली. घुमणं बराच वेळ राहिलं. मग गेलं.

कोणीतरी निखारा आणला. चांगुणानं चूल पेटवली. पहिल्या फुंकरीला नाही पेटली, धूर झाला, लहानूनं वाकून दुसरी फुंकर मारली. त्यावर नंतर पाड्यावर थोडी चर्चा झाली, की फुंकर कोणाची धरायची. मावजीबाबा म्हणाला, चूल विस्तवानं पेटते, जेवायला वाढा.

जेवणं झाल्यावर लहानू माझ्याकडं आला. बिडी पेटवली, मला दिली नाही.

"गाठोडं उतरव," म्हणाला.

"उतरवतो."

"बेचाळीस वर्षं भैन होती माझी. मला तुंबा ठावा नव्हता, चिंत्या." आणि बिडीची राख झाडून, "तू हे चाळ्यानं केलंस का मनानं केलंस?"

"मला पण ठावं नाय, दादा."

"साला," म्हणाला आणि गेला.

उन्हं उतरायला लागली. माणसं पांगली. मावजीबाबाला त्याच्या नातवानं घरी नेलं. मी जीपमधून गाठोडं काढून दारात ठेवलं आणि थाळीवरचं मेण नखानं खरवडत बसलो. निघायचं होतं. उठवत नव्हतं.

चांगुणानं आंबील आणून दिली. तुंब्यात नव्हती, जर्मनच्या वाटीत होती.

"तुंबा नाय का मला?" मी म्हटलं.

"तू कोण लागून गेलास?"

दोघं हसलो. मग ती माझ्यासमोर, सकाळी लहानू बसला होता तिथं, टेकली.

"मेण काढू नको," म्हणाली.

"का?"

"तुझं बाकी आहे."

"माझं काय बाकी?"

"हिरामणाचं."

वाटी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली. खरं तर मी लगेच काहीतरी बोलायला पाहिजे होतं. कोणता हिरामण, पलीकडच्या पाड्यावरचा तो रोपवाटिकेतला का, चांगला माणूस होता बिचारा, माझा पॅसेंजर. हे सगळं माझ्याकडं तयार होतं. आठ महिने मी हेच सगळ्यांना सांगत आलो होतो. त्याच्या बाराव्याला मी त्याच्या पाव्हण्यांना जीपमधून नेलं होतं आणि बोनेटला टेकून लांबून थाळ ऐकला होता. दुसरा थाळकरी होता. सोपे सवाल. त्याच्या मोठ्या पोरानं उत्तरं दिली. तासाभरात झालं. कोणीतरी मला विचारलं, ड्रायव्हर जेवला का.

"तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं.

"कोण सांगंल? आम्ही दोघी बारा वर्षं बुधवारच्या बाजाराला मागच्या सीटवर बसून जायचो. मागनं आरशात सगळं दिसतं, चिंत्या. तो चढला की तुझी थट्टा बंद व्हायची. सोमी मला कोपरानं ढोसायची. म्हणायची, बघ, आता याचं तोंड मिटलं."

शेळी ओरडली. चांगुणानं तिकडं "हाड" केलं.

"त्याचा झाला थाळ," मी म्हटलं. "त्याच्या पोरानं केलं."

"कुळाचं झालं. भाकरीचं झालं. तुझं झालं का?"

मी मान हलवली. नाही.

"मग लाव बोट. तू वाजव, मी इचारते. उलटं तर उलटं. आज सगळं उलटंच चाललंय."

बोटांना अजून राख होती. मी काडी ओढली. हलकेच, कोणाला ऐकू जाऊ नये इतकी. थाळी घुमली.

"हिरामण निघाला रं, हिरामण निघाला," चांगुणा म्हणाली. तिला चाल येत नव्हती. बोलल्यासारखं म्हणत होती.

"हं," मी म्हटलं.

"उंबऱ्याशी आला. उंबऱ्यावरचा इचारतो, सकाळी उठल्यावर काय प्यायचा?"

मी तोंड उघडलं.

माझ्या या तोंडानं जन्मात कधी दगा दिला नव्हता. पोलिसापुढं नाही, आरटीओपुढं नाही. काहीतरी यायचंच. त्या दिवशी काही आलं नाही. चहा प्यायचा का? बाजारात माझ्याबरोबर प्यायचा, दुपारी, एकात दोन. पण सकाळी? उठल्यावर? त्याच्या घरात तुंबा होता का तांब्या, मी कधी पाहिलं नव्हतं. चौदा वर्षं. सगळे बुधवार मोजले तरी त्यात सकाळ एकही नव्हती.

माझं बोट थांबलं होतं.

"ठावं नाय," मी म्हटलं. "सकाळी मी कधी नव्हतोच, बाय."

तिनं मला "असू दे" म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. विचार करत होती. रस्ता बंद असला की मी करतो तसा, आता गाडी कुठून काढायची.

"हा नाका सोड," ती शेवटी म्हणाली. नाका म्हणाली, माझा शब्द. "ती मोठी वाट झाली. आपण त्याला आडवाटेनं नेऊ. जे तुला ठावं आहे तेवढंच इचारते मी. लाव बोट."

मी लावलं.

"हिरामण आडवाटेनं निघाला."

"हं."

"उंबऱ्याशी आला. उंबऱ्यावरचा इचारतो, जीपमध्ये कुठं बसायचा?"

"पुढं," मी म्हटलं. "खिडकीशी."

"आता तिथं कोण बसतं?"

"कोणी नाय. मी सांगतो, स्प्रिंग तुटलीय."

"तुटलीय का खरंच?"

थाळी घुमत होती. ऊन जीपच्या पुढच्या काचेवर आलं होतं.

"नाय," मी म्हटलं.

"हं," चांगुणा म्हणाली.